खाणीच्या वाटेवरच्या विहीणबाई

माझ्या नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्यात. ही एक मात्र लख्ख आठवते, आणि ती तर निवृत्तीनंतरची. ना एफआयआर, ना स्टेशन डायरी. घटनास्थळ जर्मनीतलं कायझर्सलाउटर्न, बेपत्ता व्यक्ती माझ्या विहीणबाई.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघंही मुलांकडे राहायला होतो. मी विधुर, त्यांचेही यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा इथल्या एका कंपनीत इंजिनियर, सूनबाई घरूनच सॉफ्टवेअरचं काम करते. विहीणबाई सदुसष्ट वर्षांच्या, खनिकर्म खात्यातून नकाशाकार म्हणून निवृत्त झालेल्या. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. सकाळी पोळ्या लाटून झाल्या की "ग्रंथालयात जाऊन येते" म्हणायच्या आणि चारच्या आत परत यायच्या.

पहिली खबर दिली रविवारी जेवायला येणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्यानं. "काका, मावशी जंगलाकडच्या बसमध्ये दिसल्या. हातात काठी होती." मी त्यांचे बूट उचलून बघितले. तळाला लाल वाळू चिकटलेली. ग्रंथालयात लाल वाळू कुठून येणार? पण व्याह्यानं विहिणीची उलटतपासणी घ्यायची कशी, म्हणून मी नुसतीच नजर ठेवली. ही माझी पहिली चूक.

बुधवारी चार वाजले, सव्वाचार वाजले, विहीणबाईंचा पत्ता नाही. फोन बंद. बाहेर बर्फ सुरू झालेला, आणि इथे हिवाळ्यात साडेचारलाच दिवस मावळतो. मुलगा कामासाठी इंगोलश्टाटला गेलेला. सूनबाईनं ग्रंथालयात फोन लावला, तर ते बुधवारी बंदच असतं म्हणाले. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, आईला शुगर आहे हो. ती कुठे पडली असेल तर?"

एक गोष्ट माझ्या कानांनी टिपली होती. जिना उतरताना विहीणबाईंची पावलं रोज दुसऱ्या मजल्यावर थांबायची. तिथे ऐंशीच्या घरातल्या एक जर्मन आजी एकट्या राहतात. आम्ही दोघांनी त्यांचं दार वाजवलं. आजींनी स्वयंपाकघरात बसवलं. मी विचारायचं, सूनबाईनं भाषांतर करायचं.

"यांची आई कुठे गेली आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"या." जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो.

"कुठे?"

आजींनी घड्याळ बघितलं आणि दोन शब्द बोलल्या. सूनबाई म्हणाली, "बाबा, त्या म्हणतायत, अजून नाही. पाच वाजले की सांगेन."

"गेनाऊ," आजी म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर.

माझं डोकंच फिरलं. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला, तुम्ही माहिती दडवताय म्हणून दम भरला. या आवाजाला एके काळी सराईत दरोडेखोर बिचकायचे. आजी ढिम्म. हाताची घडी घालून माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच कोठडीतला.

ओरडून दम लागला तेव्हा समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्याला एक गोल पितळी बिल्ला टांगलेला, त्यावर नंबर. असे बिल्ले मी चंद्रपूरला असताना एका कोळसा खाणीतल्या अपघाताच्या पंचनाम्यात पाहिले होते. खाली उतरणारा कामगार आपल्या नंबरचा बिल्ला वर ठेवून जातो. पाळी संपल्यावर बिल्ला वरच राहिला, तर माणूस खाली अडकलाय हे समजतं. सूनबाईनं विचारलं, तर आजींचे यजमान कोळसा खाणीत कामाला होते, बिल्ला त्यांचा. विहीणबाई रोज निघताना तो खिळ्याला लावायच्या आणि परतल्यावर काढून आजींच्या हातात द्यायच्या. पाचपर्यंत बिल्ला खिळ्यालाच राहिला, तरच आजींनी ठिकाण सांगायचं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण हा रिवाज दोघींच्या ओळखीचा.

म्हणजे आजी काही लपवत नव्हत्या. त्या ड्युटीवर होत्या, आणि मी ड्युटीवरच्या माणसाला दम देत होतो. मला स्वतःची लाज वाटली. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सूनबाई, त्यांना विचार, माणूस खाली असताना ठरलेली वेळ बदलायचा अधिकार कुणाचा?"

"हजेरी सांभाळणाऱ्याचा," आजी म्हणाल्या.

"मग त्यांनीच ठरवावं. मी फक्त बाहेरची हवा दाखवतो." मी खिडकीचा पडदा सारला. बर्फ दाट झाला होता. आजी बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या आणि पावाच्या डब्यातून एक लिफाफा काढून सूनबाईच्या हातात दिला. पाचला वीस मिनिटं कमी होती.

आत नकाशा होता. नकाशा कसला, दागिनाच तो. लाल दगडाची अरुंद घळ, तिच्या पलीकडे लोखंडाच्या जुन्या खाणीची वस्ती, पडक्या झोपड्यांचे चौथरे एकेक मोजून दाखवलेले. खाणीच्या तोंडाशी तिथल्या पाटीवरची जर्मन टीप जशीच्या तशी उतरवलेली, 'गज लावलेले, वटवाघळं झोपलीत, आत जायचं नाही.' प्रत्येक वळणाशी नंबराची खूण आणि पोचायची वेळ लिहिलेली. सूनबाईनं लगेच पोलिसांना फोन केला. त्यांच्या गाडीतून आम्हीही निघालो. घळीच्या तोंडाशी त्यांच्या अधिकाऱ्यानं टॉर्चच्या उजेडात नकाशा न्याहाळला आणि म्हणाला, "या वाटा आमच्या नकाशावर नाहीत."

आठव्या खुणेपाशी विहीणबाई सापडल्या. पडक्या भिंतीच्या आडोशाला, अंगावर प्लास्टिक ओढून, सुजलेला पाय पिशवीत घालून तिळाची वडी चघळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अहो व्याहीबुवा, इतक्या लवकर कसे पोचलात? आजींनी पाचच्या आधीच लिफाफा कसा दिला?"

दवाखान्यात पायाला प्लास्टर बसलं आणि सूनबाईचा धीर सुटला. "आई, पुरे झालं. पुढच्या आठवड्याचं तिकीट काढते. खोटं बोलून जंगलात हिंडतेस?"

विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोलले, चुकलं माझं. खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस? तीस वर्षं मी खाणींचे नकाशे काढले गं. बायकांना खाली कामाला उतरायची कायद्यानं बंदी होती. पुरुष मापं आणून द्यायचे, मी रेघा मारायचे. एक खाण डोळ्यांनी पाहिली नाही. ही दरी कोट्यवधी वर्षांपूर्वी वाळवंट होती, वाळूच्या लाटा अजून दगडात दिसतात. त्यांना हात लावला तेव्हा रडू आलं. आता घरात बसवू नकोस मला."

"बाबा, तुम्ही तरी सांगा तिला."

मी सांगितलं. "तिकीट काढायचं नाही. ठिकाण, वाट, वेळ, सगळं लिहून, जबाबदार माणसाच्या ताब्यात देऊन त्या गेल्या होत्या. माझ्या हाताखालचे निम्मे फौजदार एवढं करत नसत. पाय बरा झाला की त्या जातील." खरं सांगतो, त्या बाईपुढे मला टोपी काढावीशी वाटली.

या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. गप्प बसणारा प्रत्येक माणूस काही लपवत नसतो, ही एक. दुसरी झोंबली. माझ्या हाताखाली एक महिला फौजदार होती. जंगलातल्या गस्तीवर पाठवा म्हणून तिनं तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा मी शेरा मारला, 'सुरक्षेच्या कारणास्तव नामंजूर', आणि तिला वायरलेसवर बसवलं. मला वाटायचं, मी तिची काळजी घेतोय.

तिचा नंबर शोधून फोन लावला. म्हणालो, "मॅडम, ते अर्ज मी मंजूर करायला हवे होते. चुकलो." मग ती म्हणाली, "सर, मी गेल्याच वर्षी रिटायर झाले."