बाबांचा गोखरू

साठी उलटली आणि माझ्या घशातून बाबांचं खाकरणं यायला लागलं. न्हाणीघराचं दार लावायचं, नळ बादलीत मोकळा सोडायचा, म्हणजे आपली अडखळती धार घरात कुणाला ऐकू जात नाही, आणि मग ताटकळत उभं राहायचं. ही सगळी बाबांची रीत. मला ती कुणी शिकवली नव्हती. तरी एका सकाळी माझा हात आपसूक नळाकडे गेला, मी खाकरलो आणि अंगावर काटा आला. बाबा अगदी मागे उभे आहेत असं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. खरं सांगतो, भ्यालो.

बाबा रेल्वेत होते. ते निवृत्त झाल्यावर पुरानी बस्तीतल्या आमच्या घरात रोज सकाळी गोखरूचा काढा उकळायचा. सदर बाजारच्या टोकाला एक जडीबुटीवाला बसायचा, त्याच्याकडून ते गोखरूची वाळकी काटेरी फळं पुडीत बांधून आणत. विचारलं तर म्हणत, "उन्हाळी लागली." लघवीला जळजळ झाली की आमच्याकडे असंच म्हणतात. बाबांची उन्हाळी पौषातही उतरत नसे, पण त्यांना विचारणार कोण? अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. आमच्याकडे जावई कापडवाला होता, तरी तोंड उघडायची सोय नव्हती. पुढे बाबांची कंबर धरली, ते अंथरुणाला खिळले आणि गेले. कमरेच्या दुखण्यानं गेले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो.

मी शिकलासवरलेला, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला. मी कसा काढा पिणार? मी मोबाइलवरून कॅप्सूल मागवल्या. हिरवी बाटली, तिच्यावर केस रंगवलेला हसरा म्हातारा, खाली 'प्रोस्टेटसाठी, शंभर टक्के नैसर्गिक'. मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिलंच नाव गोखरू. हसू आलं. मग एक कॅप्सूल फोडून वास घेतला आणि हसू गेलं. बाबांच्या मिशांना सकाळी हाच वास यायचा. तरी मी ती घेत राहिलो, आणि वाईट हे की जरा बरं वाटायला लागलं. मग डॉक्टरकडे जाणं आज नाही उद्या करत राहून गेलं.

आई आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत. एका सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आलो तर ती समोर स्टुलावर बसलेली, चांगलं लुगडं नेसून, चपला घालून.

"काहून बसली इथं?"

"नळ ऐकून राहिली होती," ती म्हणाली. "चल, दवाखान्यात जाऊ."

"औषध घेऊन राहिलो न आई. आराम आहे मले."

"तुझ्या बाबालेही आराम होता."

मी पायात चपला सरकवल्या. ई-रिक्षात माझं मनगट तिनं दवाखान्यापर्यंत सोडलं नाही.

डॉक्टर तरुण, हिंदीभाषक होता. त्यानं बाटली उलटसुलट करून पाहिली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "इससे थोड़ा आराम लग सकता है अंकल, पर अंदर क्या है, वो तो जाँच से ही पता चलेगा." मग त्यानं विचारलं, "परिवार में किसी को प्रोस्टेट का कैंसर था?"

"नहीं," मी ठासून सांगितलं.

"था," आई म्हणाली. "इसके पिताजी को था. हड्डी में चला गया था."

डॉक्टर लिहीत होता. मी आईकडे पाहत होतो आणि ती जमिनीकडे.

तपासणीसाठी रक्त देऊन बाहेर आलो, बाकावर बसलो, आणि माझा संताप उफाळला. "तुले मालूम होतं? मले काहून नाही सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली होती. कोणालेच सांगायचं नाही. तुले तर नाहीच."

"मेलेल्या माणसाची शपथ धरून बसली एवढी वर्षं?"

"त्याची नाही रे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तू झोपला होता. तुझ्या डोक्यावर हात ठेवून बोलायले लावलं त्यानं मले."

ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती मोडली की त्याच्याच जिवावर बेतते, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नाही. पण त्या बाकावर माझा राग कुठल्या कुठे गेला. मी गाढ झोपलेला, आणि उशाशी ती दोघं.

आईनं माझं कपाळ चाचपलं, मग गाल, मग छातीवर हात ठेवून थांबली.

"मोडली मी," ती म्हणाली. "सांग न रे, काही होऊन तर नाही राहिलं तुले?"