अठ्ठावीस भागिले एकोणतीस

मला शांतपणे काही सांगता येत नाही, हे आधीच कबूल करते. बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवता शिकवता आवाज चढतो तो चढतोच, आणि घरी आल्यावरही उतरत नाही. आमचे हे म्हणतात, "मास्तरीणबाई, आम्ही एकच विद्यार्थी आहोत इथे, जरा हळू." तर त्या मे महिन्यातली ही गोष्ट. ती मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही.

आमची वाडी काशीद आणि मुरुडच्या मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी. नारळ, सुपारी, आणि आता पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. विहिरीच्या पाण्यावर आणि पाहुण्यांवर घर चालतं. विहीर खोल आहे, चाळीस फूट तरी असेल, आणि दरवर्षी मे महिन्यात ती उपसून गाळ काढावाच लागतो. उतरणाऱ्याने आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर उतरायचं. विझला तर त्या दिवशी कुणी विहिरीत पाय घालायचा नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला या रीतीचं फार कौतुक वाटलं. इतकं की मी तिला शास्त्राचा शिक्काच मारून टाकला. विहिरीच्या काठावर उभी राहून सगळ्यांना समजावलं, की खाली साठतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याचा रेणुभार चव्वेचाळीस, हवेचा सरासरी एकोणतीस, म्हणजे तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो आणि ज्योत विझवतो. शेजारपाजारचे माना डोलावत ऐकत होते. तेव्हापासून आसपासच्या चार वाड्यांत "बाईंनी सांगितलंय, कंदील जळला की हवा चांगली" हे वाक्य झालं. मला त्याचा गर्व होता. का नसावा?

त्या वर्षी आमची पाण्यातली मोटार जळून वाइंडिंगला गेली होती. म्हणून यांनी शेजाऱ्यांचा पेट्रोलवर चालणारा पंप आणला. असा पंप काठावर ठेवून भागत नाही. पंचवीसएक फुटांच्या खालचं पाणी तो वर ओढूच शकत नाही, हवेचा दाबच तेवढा पुरत नाही. म्हणून धाकट्या दिरांनी सकाळी तो विहिरीत अर्ध्यावर जो दगडी टप्पा आहे तिथे उतरवला, चालू केला आणि ते वर आले. टाकीत लिटरभर पेट्रोल होतं. ते संपलं तसा पंप आपोआप बंद पडला. तोवर पाणी जवळजवळ निपटलं होतं.

मी तेव्हा मुरुडला क्लासमध्ये होते. सुट्टीतली बॅच, एका दुकानावरची भाड्याची खोली, पंधरा मुलं. फोन वाजला. यांचाच होता. आमच्याकडे रेंज फक्त पुढच्या पायरीपाशी येते, तिथे येऊन मुद्दाम केलेला. मला वैताग आला.

"अहो, क्लास चालू आहे."

"एकच मिनिट. पंपाने पाणी सगळं काढलंय. कंदील सोडलाय, झकास जळतोय, तुझ्या शास्त्राप्रमाणे. उतरू ना?"

"हो हो, उतरा. मुलं खोळंबलीत इथे."

आणि मी फोन ठेवला. एवढंच. एक मिनिटही नसेल.

मग फळ्यावर वळले. त्या दिवशी वायूंची घनता चालू होती. सोपं गणित आहे, रेणुभाराला एकोणतीसने भागायचं. उत्तर एकापेक्षा मोठं आलं तर वायू खाली बसतो, लहान आलं तर वर जातो. क्लोरीन झाला, मिथेन झाला, चव्वेचाळीसचा कार्बन डायऑक्साइड झाला. पुढचा कार्बन मोनॉक्साइड. बारा आणि सोळा, अठ्ठावीस. अठ्ठावीस भागिले एकोणतीस, शून्य पूर्णांक सत्त्याण्णव. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, हा तर धड खालीही बसणार नाही आणि वरही जाणार नाही. मग जाणार कुठे?"

"कुठे जाणार? बंद जागेत जिथे सुटला तिथेच घुटमळत राहणार," मी म्हणाले. "आणि गंमत म्हणजे वास नाही, रंग नाही. एवढ्याशाने ज्योतसुद्धा विझत नाही. गाडीच्या धुरातून..."

पंप. विहिरीच्या आत चाललेला पेट्रोलचा पंप. खडू हातातून कधी पडला ते कळलं नाही. मुलांना वाटलं मला चक्कर आली. मी यांना फोन लावला. रिंग जात राहिली. दिरांना लावला, बाई गोड आवाजात सांगू लागली की ते क्षेत्राबाहेर आहेत. सासूबाईंना ऐकायला कमी येतं, त्या फोन उचलतच नाहीत. फोन ठेवून पंधरा मिनिटं तर होऊन गेली होती.

मी स्कूटर काढली. मुरुड ते आमची वाडी वीस मिनिटं, रस्ता समुद्राच्या कडेकडेने वळणं घेत जाणारा. सीझनचे दिवस, पुण्या-मुंबईच्या गाड्या रस्ताभर फोटो काढत उभ्या. एकाला तर मी चालत्या स्कूटरवरून शिवी हासडली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या रस्त्यावर कळलं. माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात. माझ्या डोक्यात आकडे सुरू झाले आणि काही केल्या थांबेनात.

विहिरीचा व्यास साधारण तीन मीटर. रिकामी खोली बारा मीटर. म्हणजे आत पंच्याऐंशी हजार लिटर हवा. एक लिटर पेट्रोल, असल्या जुन्या इंजिनात अर्धवट जळणारं. त्यातून अडीचशे-तीनशे ग्रॅम विष निघालं असं धरलं. अठ्ठावीसने भागलं तर दहा मोल. एका मोलला बावीस पूर्णांक चार लिटर, पण ते शून्य अंशाला, अगं बये, मे महिना आहे, बत्तीस अंशाला पंचवीस धर. अडीचशे लिटर. हजार भाग हवेत तीन भाग. मी ते पुन्हा मोजलं. कुठेतरी एक शून्य जास्त आलं असेल, असावं, म्हणून पुन्हा मोजलं. मुलांच्या पेपरात मी चूक शोधते ती मार्क कापायला. त्या दिवशी मला स्वतःच्या गणितात चूक हवी होती आणि ती सापडत नव्हती. हजारात तीन म्हणजे घमेली भरणाऱ्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात जेमतेम अर्धा तास.

मला भयंकर भीती वाटत होती. हे मरतील याची होतीच. पण खोटं कशाला बोलू, "उतरा" म्हटल्याचीही तितकीच वाटत होती.

वाडीत शिरले तेव्हा विहिरीपाशी आरडाओरडा चालला होता. दीर कठड्यावर चढलेले, एक पाय आत. शेजारचे दोघे कोळी भाऊ धावत आलेले. मी आत वाकून पाहिलं. हे तळाशी चिखलात भिंतीला टेकून बसले होते, मान छातीवर पडलेली. आणि त्यांच्या डोक्यापासून हातभर वर कंदील लटकत होता. मस्त जळत होता.

"भाऊजी, उतरू नका!"

"वहिनी, दादाला ऊन लागलंय. मी आणतो वर."

"ऊन नाही ते! पंपाचा धूर आहे आत. विष आहे."

"अहो, कंदील जळतोय की! तुम्हीच सांगितलंय ना, कंदील जळला की हवा चांगली?"

त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पूर्ण विश्वास होता. मला माझंच वाक्य माझ्या तोंडावर मिळालं आणि खोडून काढायला वेळ नव्हता. कुठून सांगू, अठ्ठावीसपासून? ते दुसरा पाय आत टाकणार तेवढ्यात मी त्यांचा शर्ट धरून मागे ओढलं आणि कानाखाली वाजवली. धाकट्या दिराला, सगळ्यांदेखत.

"मी सांगितलं ते चुकलं," मी किंचाळले. "कंदिलाला हा वायू कळत नाही. तुम्ही उतरलात तर दोन माणसं जातील. ओढा! दोर ओढा!"

कारण दोर होता. यांना नको होता. सासूबाई काठी टेकत काठावर येऊन बसल्या होत्या आणि दोर काखेतून बांधल्याशिवाय त्यांनी मुलाला उतरूच दिलं नव्हतं. त्यांना रेणुभार माहीत नाही. विहीर म्हणजे विहीर, एवढं माहीत आहे.

आम्ही चौघांनी ओढलं. हे वजनाने भारी. दोनदा डोकं भिंतीवर आपटलं त्याचा आवाज वर आला. अर्ध्यावर दोर त्या टप्प्याच्या दगडात अडकला. मी रडत होते आणि रडता रडता सगळ्यांना शिव्या देत होते. धाकट्या कोळी भावाने आडवं पडून दोर बाजूला झटकला, तेव्हा कुठे सुटला. वर आणून सुपारीखाली आडवं केलं. श्वास होता, पण फार वरवरचा.

"ताई, घाबरू नका," थोरला कोळी म्हणाला. "रंग बघा कसा लाल हाय. कायपण न्हाय झालं त्यांना."

खरंच, गाल लाल होते. लग्नातही इतके गोरेगुलाबी दिसले नव्हते. ते पाहून सगळ्यांना धीर आला आणि माझा होता तोही सुटला. तो विषारी वायू रक्तात बसला की रक्त असं लालभडक होतं. तांबडा रंग बघून घाबरणारी तिथे मी एकटीच.

शेजाऱ्यांच्या जीपमधून मुरुडला नेलं. पूर्ण वाट मी यांचं तोंड खिडकीकडे धरून बसले होते आणि श्वास मोजत होते. दवाखान्यात नर्सने बोटाला चिमटा लावला. आकडा आला अठ्ठ्याण्णव. "ऑक्सिजन छान आहे," ती म्हणाली, "उन्हाचीच चक्कर असणार." बिचारीची चूक नव्हती. त्या चिमट्यात लाल प्रकाश असतो, तो बोटातून पार करून रक्त किती लाल ते बघतात. रक्त ऑक्सिजनने लाल झालंय की विषाने, हे त्या प्रकाशाला कळत नाही. मी तिच्यावर ओरडले, तिचा हात धरला, मग हात जोडले. "त्या यंत्रावर जाऊ नका हो, मास्क लावा, पूर्ण ऑक्सिजन द्या." आतून डॉक्टर आले. पंप आणि विहीर हे दोनच शब्द ऐकून त्यांनी स्वतः सिलिंडर ओढत आणला.

मग फक्त बसायचं. साध्या हवेत त्या वायूतला अर्धा भाग रक्तातून जायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात जातो. अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते उतरवत होते. दीर बाहेर बाकावर बसले होते, गालावर माझी बोटं उठलेली. सासूबाई शेजारी. "देव तारी त्याला कोण मारी," त्या दर थोड्या वेळाने म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी मला वाटत होतं, मारणारी तुमच्या शेजारी बसली आहे.

यांचा मोबाइल दिरांनी माझ्याकडे आणून दिला होता. मी तो उघडला. शेवटचा लागलेला कॉल मला केलेला, अठ्ठेचाळीस सेकंद. त्यावर बोट ठेवलं आणि तो पुसून टाकला. भीतीने केलं.

दुपारी चारच्या सुमारास यांनी डोळे उघडले. आधी मला ओळखलं, मग आईला. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं झालं, मी मास्कवरच कपाळ टेकून हमसून रडले. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. डोकं दुखणं पुढे पंधरा दिवस राहिलं. ती सकाळ मात्र त्यांच्या डोक्यातून साफ गेली. चहा प्यायलेला आठवतो, पंप सुरू झालेला आठवतो, पुढे काहीच नाही.

गावात माझं नाव झालं. बाईंनी नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं, दिरालाही वाचवलं. सरपंच घरी येऊन नारळ देऊन गेले. दीर सगळ्यांना गाल दाखवून सांगायचे, "वहिनींची थप्पड खाल्ली म्हणून जिवंत आहे." मी वाडी-वाडीत जाऊन सांगून आले, की विहिरीत इंजिन चाललं असेल तर कंदिलावर विसंबू नका, आधी दिवसभर विहीर उघडी टाका, पंख्याने वारा घाला, तरीही दोराशिवाय उतरू नका. लोक ऐकतात. माझ्यावर त्यांचा आता पहिल्यापेक्षा जास्त विश्वास आहे, आणि त्याचीच मला धास्ती वाटते.

घरी आणल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी हे पलंगावर पडले होते, मी पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"चूक माझीच," ते म्हणाले. "तुला न विचारता उतरलो. नुसता एक फोन करून विचारलं असतं, तर तू उतरू दिलंच नसतंस."

"नसतंच दिलं," मी म्हणाले, आणि पुढचा चमचा त्यांच्या तोंडाशी धरला.