दुसरा पाटीलपाडा

माणूस कोणती कादंबरी दोनदा वाचतो एवढं कळलं की त्याने संगणकाची कोणती भाषा शिकावी हे सांगता येतं, असं मानणारा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्याच वाट्याला आला. जव्हारच्या बाजारपेठेतल्या शिंपीभाईंचे हे धाकटे भाऊ. सारं गाव त्यांना छोटेभाई म्हणे. ठाण्याच्या एका कंपनीत ते संगणकाचे प्रोग्राम लिहीत. दर शनिवारी एस.टी.ने येत, पिशवी भावाच्या दुकानात न टाकताच वाचनालयात शिरत आणि माझ्या टेबलासमोर बसत. मी तिथला ग्रंथपाल. पगार पुस्तकं सांभाळण्याचा होता, पण दमायचो ते छोटेभाईंना ऐकून.

त्या काळी जव्हारात संगणक कुणी पाहिलेला नव्हता. त्यावाचून छोटेभाईंचा सल्ला अडत नसे. पुस्तक बदलायला आलेल्या प्रत्येकाला ते आवडती कादंबरी विचारत. चार पिढ्यांतल्या आत्या-मावश्यांची पूर्ण नावं देणारी कादंबरी आवडणाऱ्याला कोबोल. संवाद गाळून शेवटी काय झालं तेवढंच बघणाऱ्याला फोरट्रान. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्याला बेसिक, तीही नाइलाजाने. पोस्टातल्या बाईंना त्यांनी पास्कल सुचवली. ते पुस्तक कधी येणार म्हणून बाई महिनाभर मला विचारत होत्या. एकदा हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी, चारचौघांत शोभावं म्हणून, एका जाडजूड सामाजिक कादंबरीचं नाव घेतलं. छोटेभाईंनी ती कपाटातून काढली. पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही कोणतीच भाषा शिकू नका. मशीनला थाप चालत नाही." मुख्याध्यापक त्यानंतर वर्षभर वाचनालयाची पायरी चढले नाहीत, आणि त्याचा जाब मला द्यावा लागला.

त्यांना स्वतःला आवडत त्या काहीच न घडणाऱ्या कादंबऱ्या. पाऊस, शेत, जेवण, पुन्हा शेत. मात्र एका पुस्तकात एकाच नावाची दोन माणसं आलेली त्यांना खपत नसत. लेखक आळशी आहे असा निकाल देऊन ते समासात पेन्सिलीने लिहीत, 'दुसरा वसंत काढावा.' मी रबर घेऊन मागे असायचोच.

एका उन्हाळ्यात मोखाड्याकडे पाण्याचा टँकर कोणत्या पाड्यांना जाणार याची यादी संगणकावर करायचं ठरलं आणि काम त्यांच्या कंपनीकडे गेलं. ते नव्यातल्या नव्या भाषेत व्हावं अशी एका साहेबांची इच्छा होती, कारण तिचं नाव त्यांनी भाषणात आधीच घेऊन टाकलं होतं. छोटेभाई कोबोलवर अडून बसले. भाषा लिहिणाऱ्यासाठी निवडायची नसते, मागाहून जो कुणी ते काम उघडेल त्याला वाचता यावं म्हणून निवडायची असते, हे मी सलग तीन शनिवार ऐकलं. शेवटी त्यांचंच झालं. यादी छापून आली. साहेबांनी कागदांच्या गठ्ठ्याला हार घातला. त्या शनिवारी छोटेभाईंनी मला दोनदा चहा पाजला.

त्याच्या पुढच्या शनिवारी सूर्यमाळकडची एक म्हातारी जीपने जव्हारला आली. टँकरची यादी शिंप्याच्या भावानं केली, असं तिला खोडाळ्याच्या बाजारात कळलं होतं. दुकानात विचारून ती वाचनालयात पोचली आणि उंबऱ्यावरच बसली.

"यादी तूच केलीस ना रं?"

छोटेभाई खुशीत हो म्हणाले.

"मंग आमचा पाटीलपाडा कुठं गेला?"

पाटीलपाडा यादीत होता. त्यांनी पिशवीतला कागद काढून दाखवला. म्हातारीने तिकडे पाहिलंही नाही.

"तो खोडाळ्याकडला. टँकर तिकडंच जातो. आमचा सूर्यमाळचा. नऊ दीस झालं, झऱ्यावर वाटीनं पानी भरतो. नाव एक, म्हून पानी बी एकालाच?"

आमच्याकडे गावं थोडी आणि पाडे फार, आणि दर दोन गावांआड एक पाटीलपाडा. जव्हारात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पण तेच नाव पुन्हा आलं की कारकुनाने चुकून दोनदा लिहिलं असं धरून दुसरं गाळायचं, अशी सोय छोटेभाईंनी प्रोग्राममध्ये करून ठेवली होती. तिथे रबर घेऊन कुणी मागे नव्हतं.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग मला म्हणाले, "मास्तर, भाषा बरोबर होती. मी चुकलो." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो. ऐकून काही बरं वाटलं नाही.

आम्ही तिघंही जीपने मोखाड्याला गेलो. टंचाईमुळे कचेरी उघडी होती. टँकरचा कारकून यादीत हाताने नाव घालायला तयार होईना. मशीनची यादी आहे, तिच्यावर पेन चालवायचं नाही, असा त्याला वरून हुकूम होता. छोटेभाईंनी वाद घातला नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. ते तसेच ठाण्याला परत गेले, सोमवारी कंपनी उघडताच त्यांनी ती गाळायची सोय काढून यादी पुन्हा छापून घेतली आणि मंगळवारी ते टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून सूर्यमाळला निघाले. वाचनालयाला कुलूप लावून मीही चढलो.

पाड्यावर बायकांनी हंडे मांडून ठेवले होते. म्हातारीने आपला हंडा भरला, त्यातलं तांब्याभर काढून छोटेभाईंसमोर धरलं. ते मागे सरले.

"आई, आधी तुम्ही."

"पी. लांबून आलास."

त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि ते थेंब न सांडता प्यायले.

परतीच्या वाटेवर ते ड्रायव्हरला दिसेल त्या पाड्याचं नाव विचारत होते आणि वहीत उतरवत होते. शेजारी गावाचं नाव, आणि तिथल्या एखाद्या घरवाल्याचंही. ड्रायव्हर कंटाळला. मीही दमलो होतो, पण त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी ते नोकरीसाठी आखातात गेले. जाताना ती वही माझ्याकडे दिली. कचेरीतून कुणी मागायला आलं तर लगेच द्या, म्हणाले. मी ती हाताशी, खणात ठेवली आहे. अजून कुणी आलेलं नाही.