पिवळा चौकोन

तेलाच्या डेपोत किस्से टँकरसारखे लायनीत उभे असतात. एक सांगून संपला की मागचा पुढं सरकतो. हल्ली मात्र सांगून झाल्यावर कुणी हसत नाही. मीसुद्धा नाही.

*

आमचा डेपो देऊळघाटच्या रस्त्यावर. मी बिलिंगला. टँकर भरायला सुखदेव आणि देविदास. दोघं साडू, दोघं कंत्राटी. एक वर चढून झाकण उघडायचा, दुसरा खाली व्हॉल्व्ह धरायचा. देविदासला धाड गावाहून आणून सुखदेवनंच कामाला चिकटवलेला.

मग हेड ऑफिसनं पुण्याहून एक साहेब पाठवले, मॅनेजमेंट सायन्स शिकलेले. आल्या आल्या म्हणाले, "मी माणसं बघत नाही, प्रोसेस बघतो." ड्रायव्हर लोकांना वाटलं, नवी मशीन येणार असेल.

*

साहेबांनी आधी प्रत्येक वस्तूभोवती पिवळा चौकोन मारून घेतला. बादली, झाडू, माझी डस्टबिन, देविदासनं घरून आणलेलं स्टूलसुद्धा. चौकोन रिकामा दिसला की वस्तू हरवली समजायचं आणि लगेच शोधायची, असा नियम.

सुखदेव म्हणाला, "साहेब, आमच्या दोघायभोवती बी आखा. मंग आमाले कोनी हलवनार नाही."

साहेब हसले. आम्हीही हसलो.

*

एक दिवस साहेब स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. देविदास नेमका लग्नाला गेलेला. मोजणी सुरू झाली की शहाणा गडी हात जरा जड करतो. आमचा सुखदेव शंकरपटातल्या बैलासारखा सुटला! वर काय चढला, खाली उडी काय मारली. मी खिडकीतून खुणावतोय, हळू बे, हळू. त्याला वाटलं, मी शाबासकी देतोय. त्यानं उलट मलाच हात केला.

*

थोड्याच दिवसांत रिपोर्ट आला. एका माणसाचं काम दोघं करतात म्हणे. देविदासला घरी बसवलं. जाताना तो आपलं स्टूल उचलून घेऊन गेला.

सुखदेव साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "साहेब, मी त्या दिवशी उगाच पळालो. रोज नाही होत माह्याच्यानं."

"होतं, सुखदेव," साहेब प्रेमानं म्हणाले. "आम्ही पाहिलंय ना."

घरी बायकोनं ताट वाढलं आणि एवढंच बोलली, "माह्या बहिनीची चूल इझवून पयला नंबर आनला तुमी." हे त्यानंच मला सांगितलं, डबा न उघडता.

*

परवा साहेब पुन्हा पाहणीला आले. सुखदेव गुडघ्यावर हात ठेवत टँकरवरून उतरत होता. स्टुलाचा चौकोन तसाच रिकामा. तिथं तो कुणाला साधी बाटली ठेवू देत नाही.

साहेबांच्या कपाळावर आठी. "हा रिकामा कसा? इथली वस्तू कुठाय?"

सुखदेवनं हात पुसले.

"धाडच्या बाजारात हाये, साहेब. कांदे इकून राह्यली. आनू काय शोधून?"