पाय नसल्याचा ताजा दाखला

सरकारी गाड्यांनी जायबंदी केलेल्या लोकांचे भरपाईचे अर्ज अकोल्याच्या कचेरीत एक बाबू बघायचा. मी शेजारच्या टेबलावर टायपिस्ट होतो. मान वर न करता, कागद दोन बोटांनी मागे सरकवत तो प्रत्येकाला म्हणायचा, "दाखला शिळा झाला."

सरकारी जीपखाली पाय गेलेला मूर्तिजापूरचा एक हमाल तिसऱ्यांदा कुबडीवर जिना चढून आला.

"पाय नाई याचा ताजा दाखला आन," बाबू म्हणाला.

"बाबूजी, कापलेला पाय काय पुन्हा उगून राह्यला का?"

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली, वाकून टेबलापलीकडे नीट पाहिलं आणि मला शेरा सांगितला: 'अर्जदार जिना चढू शकतो. भरपाईची गरज दिसत नाही.'

मी तो एकही चूक न करता टाइप केला.