अर्झेलीचा कोरडा कोबा

आमच्या बायूकाठी, म्हणजे या संथ, दलदलीच्या ओढ्याकाठी, गुड फ्रायडेला मांस वर्ज्य. म्हणून अंगणात पोत्यांनी क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले नांगीवाले झिंगे, उकडायचे आणि कोपरापर्यंत तिखट रस गळेस्तोवर खायचे, असला आमचा कडक उपास! दोमांगांच्या घराण्यात हा उपास कायम क्लेवीच्या अंगणात व्हायचा. दुसऱ्या कुणाचं अंगण सुचवायची कुणाची छाती नव्हती.

पण गेल्या पानगळीत क्लेवी गेला आणि त्याच्या धाकट्या भावाला, ओव्हीदला, कंठ फुटला. उपासाचे दिवस लागायच्या आदल्या दिवशी, मार्डी ग्राच्या जेवणात, सगळ्यांदेखत तो म्हणाला, "वहिनी, यंदा माझ्याकडे करू. दादाचं उकडायचं मोठं पातेलं मी घेऊन जातो. तू आपलं बटाट्याचं सॅलड आण, बास."

"सॅलड?" क्लेवीच्या बायकोने, अर्झेलीने, हातातला चमचा खाली ठेवला. "शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला माझा. अख्ख्या गावाची पोरं जेवलीत माझ्या हातचं. आणि मी सॅलड आणू?"

"उकडशील गं तू. पण माल आणणार कोण? जिवंत माल पारखायचा म्हणजे खेळ नाही. मेलेलं पोतं गळ्यात मारतील तुझ्या."

"मारू देत. बिघडलं ना, तर पातेलं उचलून ने आणि पुढच्या वर्षीपासून तुझ्या अंगणात मांड बाजार!"

बोलून गेली खरी. पण रात्री ती ते पातेलं बघत बसली. क्लेवीने स्वतः त्याला धरायला कान जोडले होते, एक कान जरा वाकडाच बसला होता. ते पातेलं गेलं तर अंगणात उरलं काय, कपडे वाळत घालायची दोरी?

तर गुड फ्रायडेला दिवस उगवायच्या आत बाई क्लेवीचा पिकअप घेऊन, भाताच्या पाण्यात क्रॉफिश पाळणाऱ्या रेमीच्या खाचरांवर हजर! रांग पार रस्त्यापर्यंत लागलेली. जो तो हॉर्न वाजवतोय, जो तो ओरडतोय. खाचरातून होड्या येतायत, जाळीच्या पोत्यांतून नुसती सळसळ चाललीय. अर्झेली इतकी हरखली की रांगेत उभ्या उभ्या टाचा वर करून बघत होती. इतकी वर्षं क्लेवी एकटाच ही गंमत लुटत होता होय!

तिचा नंबर आला. रेमीने शीतघरातून पोती आणून तिच्यापुढे टाकली. अर्झेली गुडघ्यावर बसली आणि तिने पोत्याला कान लावला. आत सळसळ जेमतेमच. मागचे लोक हसायला लागले.

"हे कालचं आहे," ती म्हणाली.

"छे गं, आज सकाळचं."

"रेमी, आज काय दिवस आहे? आज तरी खोटं बोलू नकोस."

रेमी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मग आपणच हसत सुटला आणि होडीकडे बघून ओरडला, "ताजी आणा रे! दोमांगबाई आल्यात!" ताजं पोतं आलं. अर्झेलीने जाळीवर हात ठेवला मात्र, एका नांगीने तिचं बोट असं पकडलं की ती किंचाळली, "चावला गं बाई!" आणि बोट सुटताच तिने आनंदाने टाळ्या पिटल्या. अशी चार पोती तिने घेतली.

घरी आल्यावर पोती दोन मोठ्या बर्फपेट्यांत घातली, वर बर्फ घातला आणि पेट्या झाडाच्या सावलीला कोब्यावर ठेवल्या. लगेच पेटीच्या बुडाच्या भोकातून चिखलाचं, कुबट वासाचं पाणी कोब्यावर ओघळायला लागलं. तिचं डोकंच फिरलं. याच पाण्यावरून दर वर्षी भांडण! ती कोबा घासून ठेवायची आणि क्लेवी बूच उघडं ठेवून गावभर हिंडायचा.

"अगं शा, लाडके," तो लाडात यायचा, "त्यांना श्वास घ्यायचा असतो."

"आणि मला नाही घ्यायचा? या वासात?"

यंदा विचारायला कोण होतं! तिने एका पेटीचं बूच गच्च लावलं. दुसरीचं बूच कधीच हरवलेलं (क्लेवीनेच फेकलं असणार, लबाड!), म्हणून तिथे चिंधी कोंबली. कोबा धुऊन लख्ख केला, कमरेवर हात ठेवून एकदा बघितला आणि क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली. तिथेही गुडघे टेकल्या टेकल्या ती लिंबं किती लागतील तेच मोजत होती, देव माफ करो.

परत येऊन तिने मोठा जाळ केला, पातेल्यात पाणी, मीठ, तिखट, लसूण टाकलं. वासानेच शेजारचा कुत्रा कुंपणाशी येऊन बसला. मग तिने पहिली पेटी उघडली.

सळसळ नाही. काही नाही.

बर्फ वितळून पाणी झाकणाला लागलं होतं आणि दोन्ही पोती त्यात गपगार पडली होती. तिने एक क्रॉफिश काढला. शेपटी लुळी, सरळ लोंबली. साचल्या पाण्यातली हवा संपली की पाण्यातला जीवही गुदमरतो, हे बायूकाठच्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिलाही कळत होतं. टबात बुडवून तिने कधीच ठेवले नसते. पण बुचाचं ते भांडण इतकं मुरलेलं, की ते घाणीचंच भांडण आहे असं तिने धरून ठेवलं होतं.

"श्वास घ्यायचा असतो," ती स्वतःशी म्हणाली आणि त्या लख्ख कोब्यावरच बसली. "अरे माणसा, तू थट्टा नव्हतास करत!"

दुसऱ्या पेटीतलं पाणी चिंधीतून झिरपून गेलं होतं, म्हणून ती दोन पोती वाचली. पण दोमांगांच्या त्या खादाड खानदानाला दोन पोती म्हणजे दाताखाली पण यायची नाहीत. आणि रेमीकडे आता एक नांगीही उरली नसणार.

तेवढ्यात गाड्या यायला लागल्या. सगळ्यांत पुढे ओव्हीद. एका क्षणी तिच्या मनात आलं, टाकावी सगळी पातेल्यात, तिखटात कोण बघतंय? पण जिवंत उकडलेल्याची शेपटी आत वळते, मेलेल्याची सरळच राहते; त्या सरळ शेपट्या टेबलावर सगळ्यांदेखत बोलल्या असत्या. आणि क्लेवीच्या पातेल्यात मेलेला माल? हात झडला असता तिचा.

"ओव्हीद," ती उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "माल ताजा आणला होता. मीच मारला. बूच लावून ठेवलं. घेऊन जा पातेलं."

ओव्हीदने पेटीत पाहिलं. मग लख्ख कोब्याकडे पाहिलं. त्याच्या मिशा थरथरायला लागल्या आणि मग तो जो हसत सुटला! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला, आणि ते पाणी हसण्याचंच होतं असं काही मी म्हणणार नाही.

"दादा म्हणायचा," त्याने नाक पुसलं, "त्या बुचापायी ही मला एक दिवस घराबाहेर काढणार."

मग त्याने पिकअपवरची ताडपत्री सरकवली. खाली बर्फपेटीत दोन पोती, सळसळणारी, जिवंत.

"म्हणजे?" अर्झेलीचा आवाज चढला. "मी हरायच्या आधीच तू माल घेऊन ठेवलास?"

"असावी म्हणून…"

"असावी म्हणून! मेल्या, एवढा भरवसा माझ्यावर? आण इकडे!"

अर्धं खानदान हसून लोळायला लागलं. ओव्हीदने पेटी ओढत कोब्यावर आणली आणि पोतं उचलून तिच्या हातात दिलं. तिने ते रिकामं केलं, माल धुतला आणि जाळीच्या टोपलीतून उकळत्या पाण्यात सोडला. वाफेचा लोट उठला तशी टाळ्या-शिट्ट्या झाल्या.

"आणि पातेलं?" पातेल्यात डाव फिरवता फिरवता थांबून तिने विचारलं.

ओव्हीदने त्या वाकड्या कानाकडे पाहिलं. "नाही मावत गं माझ्या गाडीत," तो म्हणाला. गाडी चांगली ऐसपैस होती.

त्याच्या पेटीचं बूच उघडं होतं. कुबट, गढूळ पाणी लख्ख कोब्यावरून थेट स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत गेलं. ओव्हीदला वहिनीचा स्वभाव माहीत. तो घाईघाईने पाण्याची नळी आणायला धावला.

"राहू दे," अर्झेली म्हणाली. "आज नको धुऊस."