टाकलेल्या कुत्र्यांचे दोरीकाका

लोकांनी टाकलेली कुत्री दोरीकाका त्याच लोकांच्या दारात नेऊन उभी करत. वसईजवळ उमेळ्याला त्यांची वाडी होती, केळीची आणि मोगऱ्याची. आजूबाजूला आमच्या बिल्डिंगा उठल्या आणि वाडीच्या फाटकाला कुत्री बांधलेली सापडू लागली. 'वाडीत मोकळं राहील बिचारं,' अशी स्वतःची समजूत काढून माणसं हात झटकून मोकळी! काका त्या कुत्र्याला एक दिवस खाऊपिऊ घालत. दुसऱ्या दिवशी गळ्यात दोरी अडकवून ती सैल सोडत आणि कुत्रं नेईल तिकडे मागोमाग चालत. कुत्रं सरळ आपल्या घरी जाई. काका बेल वाजवत आणि शांतपणे म्हणत, "तुमचं मानूस आमच्याकडे राहिलं होतं."

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो तो निव्वळ गंमत बघायला. पुढे एक म्हातारी लॅब्रडॉर मागचा पाय ओढत जिना चढत होती. तिसऱ्या मजल्यावर एका गृहस्थाने दार उघडलं आणि लगेच नाकाला रुमाल लावला. "हे आमचं नाही हो. कुठली घाण उचलून आणलीय!" तोवर ती त्याच्या बाजूने आत शिरली आणि तिने नव्या सोफ्यावर पुढचे पाय टेकले. "राणी, खाली!" तो ओरडला. राणी ताबडतोब उतरली आणि शेपटी हलवत त्याच्यासमोर बसली. त्या निर्लज्जाने तरीही तिला पायाने ढकलत बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. शी! किळस आली मला त्या माणसाची. त्या दिवसापासून राणी वाडीतच राहिली.

काकांना स्वतःला कसलीच किळस नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं किडे पडलेल्या कानात चिमटा घालून ते एकेक किडा काढत बसत आणि बघे लांबून नाक दाबत. एकदा कुणीतरी म्हणालं, "काका, काय हा वास!" काकांनी मान वर न करता उत्तर दिलं, "जखम धुतली की जाईल. ज्यानं ती होऊ दिली, त्याचा कसा जानार?"

गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडपात ते दोन मिनिटं मागून माइक घेत. लसीचं सांगत, नसबंदीचं सांगत आणि मग विचारत, "पिल्लू आनलं की सगळे फोटो काढता. म्हातारपनी ते घरात हगनार-मुतनार, ते कोन पुसनार? पुसनाऱ्याचं नाव ठरलं असंल तर आना. नायतर आनू नका." बायका 'ईऽऽ' करत, चेअरमन घड्याळ दाखवत. त्याच चेअरमनने पुढच्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला हस्की आणला. वसईच्या या घामट हवेत बर्फातलं कुत्रं! दिवसभर बाल्कनीत जीभ काढून धापा टाकत पडलेलं असे. अशा माणसांबरोबर एका लिफ्टमध्ये उभं राहायचीही मला शिसारी यायची. काकांसाठी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिला. ऑफिसात त्यांचे किस्से सांगून मी या लोकांना यथेच्छ शिव्या घालत असे.

मग भावांनी वाडी बिल्डरला दिली. काकांनी एकेका कुत्र्याला घर शोधलं. घर बघायला स्वतः जात, दिवसभर घरी कोण असतं ते विचारत, नुसतं बाल्कनीत बांधणार असतील तर तोंडावर नाही म्हणत. शेवटी उरली राणी. पुतण्या काकांना आपल्या फ्लॅटमध्ये न्यायला तयार होता, पण कुत्रं चालणार नाही म्हणाला. तिच्यासाठी काका माझ्याकडे आले.

"भाऊ, तुमच्याकडं घर बघायलाबी येनार नाय मी. तुम्हाला ओळखतो."

"बायकोला विचारतो," मी म्हणालो. "दिवाळी होऊ दे, घराला रंग द्यायचाय."

बायकोला मी विचारलंच नाही. ती मुतेल, वास मारेल, नव्या फरशीवर नखांचे ओरखडे उठतील, हे सगळं माझ्याच मनात होतं. दिवाळी झाली. काकांचा फोन आला तो मी दोनदा घेतला नाही. हस्कीला बाल्कनीत टाकणाऱ्या त्या चेअरमनला निदान तोंड लपवायची अक्कल नव्हती. मला होती.

काकांनी पुतण्याचा फ्लॅट नाकारला आणि राणीला घेऊन मनवेलपाड्यात चाळीतली एक खोली भाड्याने घेतली. लाज अगदीच खायला लागली तेव्हा मी बिस्किटांचे पुडे घेऊन तिथे गेलो. राणीने मला वासावरून ओळखलं. पाय ओढत आली आणि माझ्या पायावर डोकं टेकून पडून राहिली. काकांनी चहा टाकला. पुतण्याबद्दल, वाडीबद्दल, माझ्याबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. मी दोनदा सबब सांगायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी साखर बरोबर आहे ना, एवढंच विचारलं.

मी निघालो तशी राणीही धडपडत उठली आणि माझ्या मागे चालू लागली. काकांनी खाली बसून तिला कुशीत धरून ठेवलं.

"भाऊ, राग मानू नका," ते म्हणाले, "पन पुन्हा येऊ नका. तुम्ही तिला न्यायला आलात असं वाटतं तिला. आता दोन दिवस काय जेवनार नाय ती."